बुद्ध : एक्स्पोर्ट क्वालिटी

हल्ली देश नुसत्या तोफांनी लढत नाहीत. सिनेमा दाखवून, पुस्तकं वाटून, देव फिरवून लढतात. साहेब लोक त्याला सॉफ्ट पॉवर म्हणतात.

ह्या बाजारात आपल्या बुद्धाला भाव आलाय. चीननं २००६ साली हांगचौला जागतिक बौद्ध परिषद भरवली. दिल्लीनं २०२३ साली आपली भरवली. जून २०२२ मध्ये कपिलवस्तूच्या अस्थी हवाई दलाच्या विमानातून मंगोलियाला गेल्या. २०२४ ला थायलंडला, २०२५ ला सारनाथच्या अस्थी व्हिएतनामला. लुंबिनीजवळ चिनी कंपनीनं विमानतळ बांधला. १६ मे २०२२ ला तो उघडला, त्याच दिवशी आपले पंतप्रधान लुंबिनीत होते. पण तिथं उतरले नाहीत, हेलिकॉप्टरनं गेले. तथागताच्या दारात दोन शेजारी मानपानावरून भांडतायत.

भांडोत. आमचा सवाल घरातला आहे.

१९५६ साली सरकारनं बुद्धाची अडीच हजारावी जयंती थाटात केली. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला बाबासाहेबांनी नागपुरात लाखोंना बुद्ध दिला. मग काय झालं? पाहुण्यांपुढचा बुद्ध पावन, आणि आम्ही बुद्ध घेतला की केंद्राच्या सवलती बंद! त्या मिळायला १९९० उजाडलं. चौतीस वर्षं. बुद्ध घेतल्याचा दंड एका अख्ख्या पिढीनं भरला.

१८ मे १९७४. पोखरणला अणुस्फोट केला आणि नाव ठेवलं हसरा बुद्ध. १९९८ ला तर स्फोटाला बुद्धपौर्णिमाच धरली. आणि २०१९ ला संयुक्त राष्ट्रांत पंतप्रधान सांगतात, आम्ही जगाला युद्ध नाही, बुद्ध दिला. वा रे वा!

बोधगया घ्या. १९४९ च्या कायद्यानं महाविहाराच्या ९ जणांच्या समितीत बौद्धांना जागा फक्त ४. बुद्धाला जिथं ज्ञान झालं तिथंच बौद्ध अल्पमतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये भिक्खू उपोषणाला बसले. अस्थींना विमान मिळतं, भिक्खूंना विहार मिळत नाही.

आम्हा गोदीवाल्यांना हे शिकवावं लागत नाही. निवडक माल बोटीत चढतो, बाकीचा गावातच सडतो. ध्यान, शांती, हसरा चेहरा बाहेर जातो. जातीवर घाव घालणारा बुद्ध धक्क्यावरच अडवला जातो. ऑक्टोबर २०२२ मध्ये दिल्लीत २२ प्रतिज्ञांच्या कार्यक्रमाला गेलेल्या मंत्र्याला खुर्ची सोडावी लागली. त्याच वर्षी मंगोलियात आपल्या बुद्धाचा जयजयकार चालला होता. समजलं?

६ डिसेंबरला दादरला या. चैत्यभूमीच्या रांगेत रात्रभर उभी असलेली म्हातारी बघा. तिच्याजवळ विमान नाही, वकिलात नाही. तिच्या नावानं कुठली परिषद भरत नाही. वरच्या गॅलऱ्यांतून नाकाला रुमाल लागतात. पण ह्या देशात बुद्ध जिवंत ठेवला तो तिनं.

म्हणून पोरांनो, पुढचा कलश विमानात चढेल तेव्हा नुसत्या टाळ्या पिटू नका. हिशेब मागा. बोधगया कधी सोडता? प्रतिज्ञा घेणाऱ्याला का हाकलता? जबाब मिळेपर्यंत ही सॉफ्ट पॉवर आमच्या बापाच्या नावावर खपवायची नाही.

जय भीम.