‘फॉरेस्ट’ या शब्दाची हद्द

शब्दाचे मूळ सापडले की त्याचा अर्थ हाती आला, ही समजूत मराठी समीक्षेत अद्याप टिकून आहे. तिच्या शेजारी गेल्या काही दशकांत दुसरी, नवी समजूत येऊन बसली : अर्थ कधीच निश्चित होत नाही, तो एका चिन्हाकडून दुसऱ्या चिन्हाकडे अखंड ढकलला जातो. पहिली व्युत्पत्तिकोशाला शरण जाते, दुसरी परिसंवादाला. दोघी एकमेकींच्या वैरिणी म्हणून मिरवतात. पण एक प्रश्न टाळण्याच्या बाबतीत दोघींचा संपूर्ण एकोपा आहे. शब्दाच्या अनेक अर्थांपैकी कोणता अर्थ चालेल हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा तो प्रश्न. नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यात, सातपुड्याच्या डोंगरात वसलेल्या मोलगीसारख्या गावी तो टाळता येत नाही. ‘फॉरेस्ट’ हा तेथे रोज ऐकू येणारा इंग्रजी शब्द आहे आणि त्याच्या अर्थावर जमीन अवलंबून आहे.

प्रथम व्युत्पत्तिवाद्यांचा आग्रह मान्य करून पाहावा. ‘फॉरेस्ट’ इंग्रजीत आला तो जुन्या फ्रेंचमधून, आणि फ्रेंचमध्ये मध्ययुगीन लॅटिनमधून. ‘फोरेस्तिस सिल्वा’ या प्रयोगातील ‘सिल्वा’ म्हणजे झाडी. ते पद कालांतराने गळून पडले आणि ‘फोरेस्तिस’ हे विशेषण तेवढे नाम होऊन उरले. बहुतेकांच्या मते त्याचे मूळ ‘फोरिस’, म्हणजे ‘बाहेर’. काहींच्या मते ‘फोरुम’, म्हणजे न्यायसभा. कोणतेही मूळ स्वीकारले तरी त्यात झाड नाही. एकात कुंपण आहे, दुसऱ्यात निवाडा. 1066 नंतर नॉर्मन राजांनी इंग्लंडमध्ये या शब्दाचा वापर केला तो राजाच्या शिकारीसाठी वेगळ्या कायद्याखाली आणलेल्या मुलखासाठी. त्या हद्दीत उघडे माळ होते, शेते होती, नांदती गावे होती. 1217 च्या वनसनदेने तेथील रयतेचे सरपणाचे आणि चराईचे काही हक्क मान्य केले. म्हणजे खुद्द इंग्रजी भाषेतही हा शब्द निसर्गवर्णनाच्या आधी हद्दीचा आणि मनाईचा होता.

मराठीकडे वळले तर गुंता वाढतो. ‘रान’ हा ‘अरण्य’ या शब्दाचाच प्राकृतातून झिजत आलेला वंशज. ‘अरण्य’ या शब्दाच्या मुळाशी ‘अरण’, म्हणजे दूरचे, परके. येथवर लॅटिनचे ‘बाहेर’ आणि संस्कृतचे ‘परके’ यांचे नाते जुळलेले दिसते. पण मराठी शेतकऱ्याने या परकेपणाला केव्हाच फाटा दिला. तो ‘रानात गेला’ म्हणजे शेतावर गेला. तो रान नांगरतो, रानाला पाणी देतो. कसलेली जमीन आणि न कसलेली जमीन यांच्यामधील भिंत त्याच्या भाषेने उभारलीच नाही. ‘जंगल’ या शब्दाची कथा याहून विलक्षण. चरक-सुश्रुतांच्या परंपरेत ‘जांगल’ देश म्हणजे कोरडा, विरळ झाडीचा, मोकळा प्रदेश. घनदाट, पाणथळ प्रदेशाला तेथे ‘आनूप’ ही वेगळी संज्ञा आहे. फ्रान्सिस झिमरमन यांनी 1982 च्या फ्रेंच ग्रंथात ही उलटापालट तपशिलाने उलगडली. हाच शब्द इंग्रजीत गेला. 1776 साली नॅथॅनिएल हॅल्हेड यांनी इंग्रजीत आणलेल्या हिंदू कायद्याच्या संहितेत तो येतो तो पाच वर्षे पडीक राहिलेल्या जमिनीची संज्ञा म्हणून. पुढे किपलिंगच्या 1894 च्या पुस्तकातून तो श्वापदांच्या राज्याचे नाव झाला.

या सर्वांतून व्युत्पत्तिवादी काय सिद्ध करणार? मूळ अर्थ प्रमाण मानला तर सातपुड्याचा घनदाट उतार ‘जंगल’ ठरत नाही आणि डार्टमूरचा बोडका माळ ‘फॉरेस्ट’ ठरतो. मूळ शोधण्याचा आनंद निर्विवाद आहे. त्यातून प्रामाण्य मात्र निपजत नाही.

प्रामाण्य निपजले ते दुसरीकडे. 1878 च्या वनकायद्याने राखीव, संरक्षित आणि ग्राम अशी वनांची वर्गवारी केली. 1927 च्या भारतीय वन अधिनियमाने ती पुढे चालविली. या 1927 च्या कायद्यात ‘फॉरेस्ट’ या शब्दाची व्याख्याच नाही. व्याख्या आहे ती वनोपजाची, आणि तीत मोहाची फुले वनातून आलेली असोत वा नसोत, वनोपजच मानली आहेत. मोलगीच्या परिसरात मोह हे घरचे अन्न, घरचा विधी आणि हाताशी येणारा पैसा; कायद्याच्या वाक्यात मात्र शेताच्या बांधावरील मोहाचे फूलही वनाचे. हाच कायदा बांबूला ‘झाड’ मानीत असे. 2017 साली तो शब्द व्याख्येतून काढण्यात आला. वनस्पतीत काही बदल झाला नव्हता. बदलले ते एका पोटकलमातील पद.

खेड्यातील मराठीने ही व्यवस्था अचूक ओळखली आहे. तेथे ‘फॉरेस्ट’ म्हणजे खाते आणि त्या खात्याची माणसे. ‘फॉरेस्ट आले’ म्हणजे गार्ड आला. ‘जमीन फॉरेस्टमध्ये गेली’ या वाक्यात जमीन तसूभरही हललेली नसते. शब्द चालत येतो आणि जमिनीवर बसतो. हा अपभ्रंश किंवा अडाणीपणा म्हणून हसण्यावारी नेणाऱ्यांनी नॉर्मन इंग्लंडचा दाखला पुन्हा वाचावा. शब्दाच्या इतिहासाशी खेड्यातील हा वापर सुशिक्षितांच्या ‘हिरव्या’ अर्थापेक्षा अधिक इमानी आहे.

12 डिसेंबर 1996 रोजी गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की ‘फॉरेस्ट’ हा शब्द कोशातील अर्थाने समजून घ्यावा. शिवाय सरकारी दप्तरात वन म्हणून नोंदलेले क्षेत्र, मालकी कोणाचीही असो, वनजमीन मानावे. बेबंद वृक्षतोडीला या आदेशाने आळा बसला, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. 2023 च्या दुरुस्तीने कायद्याचा आवाका आक्रसला, तेव्हा फेब्रुवारी 2024 च्या अंतरिम आदेशाने झाडे राखण्यासाठी पुन्हा कोशातीलच अर्थ पुढे केला. म्हणजे कोश हा काही खलनायक नव्हे. परंतु अर्थाचे जे दोन साक्षीदार येथे उभे राहिले, ते कोश आणि दप्तर. त्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या बोलणारे तोंड तिसरा साक्षीदार म्हणून बोलावले गेले नाही. ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणाने 1907 साली भिल्ल बोलींना खानदेशीसह स्वतंत्र खंड दिला होता. त्या बोली अज्ञात होत्या, अशी सबब कोणालाही सांगता येणार नाही. नर्मदेपलीकडील अलिराजपुरात वनहद्दीतील शेताला ‘नेवाड’ म्हणतात, हे अमिता बाविस्कर यांनी 1995 साली नोंदविले. एका भाषेत जे शेत, ते दुसऱ्या भाषेत ‘अतिक्रमण’. आणि 3 मे 2002 च्या केंद्रीय पत्राने अतिक्रमणे हटविण्यास सांगितले तेव्हा या भाषांतराची किंमत कसणाऱ्यांनी मोजली. 2006 च्या वनहक्क कायद्याने ‘ऐतिहासिक अन्याय’ मान्य केला खरा. पण हक्क सिद्ध करायचा तो 13 डिसेंबर 2005 पूर्वीच्या ताब्याचे पुरावे जोडून.

येथे अर्थाच्या अनिश्चिततेचे उपासक पुढे येतील आणि हे सारे आपल्याच सिद्धान्ताचे उदाहरण म्हणून सांगतील. ते तसे नाही. या शब्दाचे अर्थ अनेक आहेत, पण ते मोकळे भिरभिरत नाहीत. प्रत्येक अर्थामागे एक कार्यालय, एक नकाशा, एक शिक्का आहे. 13 फेब्रुवारी 2019 रोजी दावे फेटाळलेल्यांना हटविण्याचा आदेश निघाला आणि 28 फेब्रुवारीला तो स्थगित झाला. त्या पंधरा दिवसांत अर्थ ‘पुढे ढकलला’ गेला असे म्हणणे ही सिद्धान्ताची चैन आहे. व्होलोशिनोव्ह यांनी 1929 साली चिन्ह हे सामाजिक संघर्षाचे क्षेत्र मानले. मराठी परिसंवादांनी त्यांचे नाव घेतले, पण त्या क्षेत्रात पाऊल टाकले नाही.

समीक्षेच्या घरात परिस्थिती वेगळी नाही. आदिवासी कवितेत जंगल आले की समीक्षक त्याला निरागसतेचे प्रतीक, आदिम गंध, रानवट सौंदर्य अशी लेणी चढवितो आणि पुढे सरकतो. ती कविता लिहिणाऱ्याच्या गावात तो शब्द दप्तरात कसा लिहिला जातो, याची विचारपूस होत नाही. वाहरू सोनवणे यांच्या ‘गोधड’ या 1987 च्या संग्रहाचा कवी याच सातपुड्याच्या परिसरातला, भिल्ल समाजातला. त्यांच्या ‘स्टेज’ या प्रसिद्ध कवितेचे शीर्षकही एक इंग्रजी शब्दच आहे, आणि तिचा विषय आहे आपले दुःख दुसऱ्यांनी आपल्याला सांगण्याचा. मराठी समीक्षेने या कवितेचे कौतुक पुष्कळ केले. ती आपल्यालाही उद्देशून आहे, हे मनावर घेतले नाही.

शब्दार्थाची चर्चा करणाऱ्या अभ्यासकाकडून एवढी अपेक्षा रास्त आहे, की शब्द कोठून आला हे सांगून झाल्यावर तो कोणाच्या हातात आहे हेही त्याने सांगावे. ‘फॉरेस्ट’ या शब्दाचा पुरता अर्थ लॅटिन धातूत नाही, कोशात नाही, दप्तरातही नाही. त्याचा अर्धा भाग मोलगीच्या बोलीत आहे. तो विचारल्याशिवाय लिहिलेली प्रत्येक नोंद अपुरी आहे, मग ती न्यायालयाची असो वा समीक्षेची.