फिरतीवरचा माणूस रात्रीच का निघतो?

मीटिंग संपायला सहा वाजतात. सकाळी दहाला ऑफिसात हजेरी असते आणि मुक्कामाचे बिल मंजूर होईल याची खात्री नसते. मग औषध कंपनीचा प्रतिनिधी असो की बियाणे कंपनीचा विक्री अधिकारी, रात्रीच गाडी काढतो. साहेब याला कामाची तडफ म्हणतात. खरे तर हॉटेलचे दोन हजार रुपये वाचवण्यासाठी घेतलेला हा धोका आहे.

कायद्यातील विसंगती पाहा. १९६१च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने व्यावसायिक चालकाला दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. (ती किती पाळली जाते, हा वेगळा विषय.) पण दिवसभर बाजार फिरून वर चार तास स्टिअरिंग धरणारा नोकरदार या व्याख्येत बसत नाही, कारण तो चालक नाही, ‘दौऱ्यावर’ आहे. डुलकीला हा फरक कळत नाही. त्यात जून २०२५पासून पूर्ण खुला झालेला ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग. सरळ, एकसुरी रस्त्यावर थकलेले डोळे लवकर मिटतात.

जुलै २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने धाराशिवकडच्या एका साखर कारखान्याच्या रखवालदाराच्या प्रकरणात महत्त्वाचा निकाल दिला. २००३मध्ये पहाटे तीनच्या पाळीला दुचाकीवरून जाताना, कारखान्यापासून पाच किलोमीटरवर त्याचा मृत्यू झाला होता. वेळ, ठिकाण आणि परिस्थितीचा नोकरीशी संबंध दिसत असेल, तर घर ते कामाच्या वाटेवरचा अपघातही नोकरीतलाच, असे न्यायालयाने म्हटले. कंपनीनेच पाठवलेल्या माणसाची बाजू तर याहून भक्कम असायला हवी. मात्र त्या कुटुंबाला हा निकाल मिळायला २२ वर्षे लागली.

म्हणून नियम आधी हवा. रात्री आठनंतर स्वतः गाडी चालवायची नाही आणि उशीर झाला तर मुक्काम न विचारता मंजूर, एवढी दोन वाक्ये प्रवास धोरणात पुरेत. महागडी ॲप आणि सुरक्षा सप्ताहाचे फलक नंतर लावा.

तोवर तुम्ही काय कराल? स्वतःच्या दुचाकीवर असताना कंपनीचा अपघात विमा लागू होतो का, हे एचआरकडून लेखी घ्या. मधुमेह असेल तर इन्सुलिन हातातल्या बॅगेत ठेवा. आणि ‘आजच निघ’ असा फोन आला, तर तोच निरोप व्हॉट्सॲपवर मागा. दाव्याच्या वेळी प्रवास कामाचाच होता, हे दाखवायला तो उपयोगी पडेल. कधी कधी लिहून द्यायची वेळ आली की साहेबच ‘उद्या सकाळी ये’ म्हणतात.