इमारतीचा सातबारा

मुंबईत जुनी चाळ पाडायला घेतली की बर्मा सागाच्या तुळया जपून उतरवल्या जातात. जुन्या लाकडाचा व्यापारी रंधा मारतो, रेषा पाहतो आणि जागच्या जागी भाव सांगतो. शेजारचा लोखंडी गर्डर मात्र किलोच्या भावाने भंगारात जातो आणि भट्टीत वितळतो. तो धडधाकट असेलही. पण त्याची ताकद डोळ्यांना दिसत नाही, आणि कागद नसलेल्या गर्डरच्या भरवशावर सही करायला इंजिनीअर धजावत नाही. पुनर्वापर अडतो तो या हरवलेल्या ओळखीपाशी.

ही ओळख टिकवण्यासाठी नेदरलँड्समध्ये वास्तुविशारद थॉमस राऊ यांच्या पुढाकाराने २०१७ मध्ये 'मडास्टर' ही इमारतींतील साहित्याची नोंदवही सुरू झाली. पण इमारतीतील साहित्याचे असे पासपोर्ट, म्हणजे ओळखपत्रे, जो तो आपापल्या रकान्यांत काढू लागला, तेव्हा तिथल्या बांधकाम क्षेत्राला एकत्र बसून सामाईक मार्गदर्शिका लिहावी लागली. यातले मर्म सातबारा पाहिलेल्या माणसाला समजावून सांगायला नको. सातबाऱ्यात चुका असतात, वारसांची नावे लागता लागत नाहीत. तरी चंदगडपासून धडगावपर्यंत रकाने तेच, म्हणून बँक त्यावर कर्ज देते.

एकसारख्या रकान्यांचा असा पासपोर्ट आपल्या इमारतींनाही हवा. बिल्डर म्हणतील, हा आणखी एक कागदी घोडा. पण पोलादाचे चाचणी प्रमाणपत्र, काँक्रीटच्या ठोकळ्यांचा २८ दिवसांचा अहवाल हे कागद साइटवर आजही असतातच. ताबा दिल्यावर ते गहाळ होतात, इतकेच. खरा आक्षेप वेगळा आहे : साठ वर्षांनी ही फाइल उघडणार कोण? म्हणूनच ती एखाद्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये अडकता कामा नये. खुल्या स्वरूपात भोगवटा प्रमाणपत्रासोबत पालिकेकडे जमा व्हावी. गंज किती चढला हे पासपोर्ट सांगणार नाही, चाचणी करावीच लागेल. पण पोलादाची मूळ प्रतवारी ठाऊक असली की चाचणी अंधारात चाचपडत करावी लागत नाही. आपल्याकडचे बहुतेक काम जागेवर ओतलेल्या काँक्रीटचे, ते उकलून पुन्हा जोडता येत नाही, हेही मान्य. त्याला चार रकाने पुरेत. तपशील लिहायचा तो गर्डर, खिडक्या, लिफ्ट, दगडी लाद्या यांचा. राडारोड्याचे नवे केंद्रीय नियम १ एप्रिल २०२६ पासून २०,००० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या प्रकल्पांवर जबाबदारी टाकतात. पण ते मोजतात पडलेला ढिगारा. त्याच प्रकल्पांना उभ्या इमारतीचा हिशेबही मागायला काय हरकत आहे?