पंचवीसची मर्यादा ओलांडते कोण?

विजेवर चालणाऱ्या दुचाकीचा वेग वाढवून घेण्याचा प्रकार शहरांतून आता इतका रुळला आहे की, त्यात काही गैर आहे असे ना करून देणाऱ्याला वाटते, ना करून घेणाऱ्याला. महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने मे २०२२ मध्ये अशा दुचाकींविरुद्ध राज्यभर तपासणीची मोहीम काढली, तेव्हा हे फेरबदल केवळ गल्लीतील कारागीर करीत नसून काही उत्पादक व विक्रेतेही त्यात आहेत, असे खात्याचेच म्हणणे होते. तरीही या विषयाची चर्चा निघाली की बोट दाखवले जाते ते तरुण पोरांच्या वेगवेडाकडे. ते सोयीचे आहे, पण पुरते खरे नाही.

मुळात ही पंचवीसची मर्यादा आली कोठून, हे पाहिले पाहिजे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनुसार ज्या विजेच्या दुचाकीच्या मोटारीची शक्ती २५० वॉटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी वगळता वजन ६० किलोपेक्षा अधिक नाही, ती कायद्याच्या दृष्टीने ‘मोटार वाहन’च नव्हे. तिला नोंदणी नको, क्रमांकाची पाटी नको, चालकाला परवाना नको, विम्याची सक्ती नाही. सायकलीच्या गतीने जाणाऱ्या वाहनावर कागदपत्रांचे ओझे कशाला, हा त्यामागील विचार रास्तच होता. नमुन्याची चाचणी पुण्याच्या वेताळ टेकडीवरील ‘एआरएआय’सारख्या संस्थेत होते आणि ती उत्तीर्ण झाली की सवलतीचे दार उघडते.

मात्र प्रमाणपत्र मिळते ते नमुन्याला. रस्त्यावर येते ती दुकानातून निघालेली गाडी. पुष्कळ गाड्यांची मोटार मुळात अधिक वेगाने फिरू शकते, तिला आवर घालतो तो ‘कंट्रोलर’ नावाचा छोटासा भाग. तो आवर सैल करणे किंवा अधिक व्होल्टची बॅटरी बसवणे हे काही फार मोठ्या कारागिरीचे काम नाही. ‘परवाना लागत नाही’ असे सांगून गाडी विकायची आणि गिऱ्हाईक दाराबाहेर पडण्यापूर्वी ‘हवा तर वेगही वाढवून देऊ’ असे हळूच सुचवायचे, ही विक्रीची पद्धत आहे. तिला पोरांचा हूडपणा म्हणता येणार नाही.

वेग दुप्पट झाला तर धोकाही फार तर दुप्पट होईल, अशी सर्वसाधारण समजूत असते. शाळेत भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या शिक्षकांना ती कशी चुकते हे सांगायला नको. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी २५ ऐवजी ५० किलोमीटर वेग झाला की धडकेतील ऊर्जा चौपट होते, आणि ब्रेक लावल्यानंतर गाडी थांबण्यास लागणारे अंतरही जवळपास चौपट. ब्रेक दाबण्याचे सुचण्यात जो एखादा सेकंद जातो, त्यात पहिली गाडी सुमारे ७ मीटर पुढे गेलेली असते, दुसरी १४ मीटर. ब्रेक, टायर, सांगाडा हे सारे मात्र पंचवीसच्या हिशेबाने बेतलेले. त्यातून गाडी जवळजवळ निःशब्द. मागून येणारी ती वृद्ध पादचाऱ्याला ऐकूही येत नाही. विजेची तऱ्हाही अशीच आहे. तारेतील प्रवाह दुप्पट झाला की तिच्यात निर्माण होणारी उष्णता चौपट होते. जोडीला बॅटरीचे रक्षण करणारी यंत्रणा बाजूला सारली असेल, तर अशी गाडी रात्री जिन्याखाली चार्जिंगला लावून झोपी जाणे म्हणजे साऱ्या इमारतीच्या जिवाशी खेळ आहे.

परंतु सर्वांत मोठा अन्याय होतो तो ज्याला धडक बसली त्याच्यावर. गाडीवर क्रमांक नाही, तेव्हा चालक निसटला की शोध संपला. सापडला तरी विमा नाही, आणि हातावर पोट असलेल्या चालकाकडून भरपाई ती किती मिळणार? धडक देऊन पळालेल्या अज्ञात मोटार वाहनासाठी जी सरकारी योजना आहे, तीत मृत्यू झाल्यास २ लाख व गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये मिळतात. पण पळालेली गाडी ‘मोटार वाहन’ होती हे जखमी माणसाने सिद्ध करायचे कसे?

घरोघर खाद्यपदार्थ आणि किराणा पोहोचवणाऱ्या मुलांचा प्रश्न याहून वेगळा आहे. परवाना नसल्याने ही गाडी त्यांना सोयीची, आणि मिळकत फेऱ्यांवर अवलंबून असल्याने तिची मंद गती गैरसोयीची. ज्याच्या फेऱ्या मिनिटांवर मोजल्या जातात, त्याला वेगाचा मोह आवरण्याचा उपदेश कोणत्या तोंडाने करायचा?

कायदा अपुरा आहे असेही नाही. २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेल्या कलम १८२-अ नुसार बेकायदा फेरबदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजार रुपये दंड आहे. उत्पादक व विक्रेत्याला मात्र वर्षापर्यंत कैद किंवा प्रत्येक वाहनामागे १ लाख रुपये दंड. अल्पवयीन मुलाच्या हाती मोटार वाहन दिल्यास पालकालाही तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. वेग वाढवलेली ‘बिनपरवान्याची’ गाडी दहावीतल्या मुलाला शिकवणीसाठी देणाऱ्या किती पालकांना हे ठाऊक असेल? मोठा दंड विक्रेत्यासाठी ठेवण्यात कायदेमंडळाचा हेतू स्पष्ट आहे. अंमलबजावणीचा रोख मात्र चौकात अडवलेल्या गाडीवर राहतो, कारण तिथे उभे राहणे सोपे आहे.

तपासणी दुकानात आणि गोदामात व्हावयास हवी. नमुना मंजूर करताना गाडी पंचवीसच्या आत धावते की नाही एवढेच न पाहता, तो आवर सहज काढता येतो काय, हेही पाहिले जावे. आणि कोणत्याही विजेच्या दुचाकीला, ती कितीही मंद असो, नाममात्र शुल्कात क्रमांक द्यावा. सवलत परवान्याची राहू द्यावी. ओळख लपवण्याची सवलत कोणी मागितलेली नव्हती, ती केवळ नियमाच्या रचनेतून मिळून गेली आहे.