पुनरागमनाचा हक्क कुणाला?



यंदाच्या जयंतीची तयारी सुरू असताना गडहिंग्लज भागातल्या एका मंडळाच्या बैठकीला मी हजर होतो. मंडळाचं नाव लिहीत नाही, कारण आपल्या बहुतेक मंडळांत हेच घडतं. वर्गणी, मिरवणुकीचा मार्ग, डॉल्बीचं भाडं असे विषय चालले होते. तेवढ्यात सत्तरी ओलांडलेले एक तात्या दारात येऊन उभे राहिले. एके काळचे तमाशातले सोंगाड्या. पंचवीस वर्षांपूर्वी फड मोडला, तेव्हापासून तोंडाला रंग नाही.

"पोरांनो, नुसती पंधरा मिनिटं द्या. बाबासायबांवर वग बसवलाय. ढोलकीवाला माझा मी आणतो," ते म्हणाले.

पोरं एकमेकांकडे बघून हसली. "तात्या, आता तो जमाना गेला," एक जण म्हणाला. दुसऱ्याने जे ऐकवलं ते जास्त टोचणारं होतं. "तमाशा म्हणजे आपल्या गुलामीची खूण. जयंतीच्या स्टेजवर तो नको." तात्या काही बोलले नाहीत. चहा घेतला आणि निघून गेले.

त्या दुसऱ्या पोराचा मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही. त्याचं उत्तर द्यायलाच हवं. पण आधी एका वेगळ्या नटाकडे जाऊ, ज्याच्या परतण्याच्या धडपडीवर मराठी माणूस आजही डोळे पुसतो.

बालगंधर्व. १९०५ साली किर्लोस्कर मंडळीतून रंगभूमीवर आले, १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली. शालू, दागिने, अत्तर, खरे गालिचे, आणि त्या पाठोपाठ कर्ज. बोलपट आला आणि नाटकाचा प्रेक्षक तिकडे वळला. पन्नाशीच्या उंबरठ्यावर असलेल्या या नटाने मग 'प्रभात'शी करार केला आणि १९३५ साली व्ही. शांतारामांच्या 'धर्मात्मा'त पुरुष भूमिका केली. कुणाची? संत एकनाथांची. अस्पृश्याला जवळ करणाऱ्या ब्राह्मणाची. सिनेमाचं मूळ नाव 'महात्मा' होतं, सेन्सॉरने ते बदलायला लावलं.

साल पुन्हा वाचा. १९३५. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला येवल्यात बाबासाहेबांनी जाहीर केलं की मी हिंदू म्हणून मरणार नाही. पडद्यावर एक उतरता नट अस्पृश्याला पोटाशी धरून आपली कारकीर्द सावरू पाहत होता, आणि येवल्यात अस्पृश्य सांगत होते की आम्हाला कुणी पोटाशी धरायला नको, आम्ही चाललो. मला यात बालगंधर्वांची टर उडवायची नाही. त्यांना दोष द्यावा असं त्यात काही नाही. पण अस्पृश्यतेवरच्या बोलपटात मध्यभागी कोण उभा होता, एवढं तरी बघायला हवं.

सिनेमा त्यांना मानवला नाही. १९३७ मध्ये 'साध्वी मीराबाई'त पुन्हा स्त्रीवेष घेतला, तोही चालला नाही. मग परत रंगभूमी. गोहरबाई कर्नाटकी त्यांच्या नाटकांत आल्या आणि आयुष्यातही. इथे आपल्या सुसंस्कृत समाजाचा खरा चेहरा दिसतो. नटाच्या कर्जाचं, उतरत्या काळाचं, एकटेपणाचं सगळं खापर त्या मुस्लिम बाईच्या डोक्यावर फोडलं गेलं. गालिचे आणि अत्तर काय गोहरबाईंनी आणलं होतं? ती यायच्या कितीतरी आधी कंपनी कर्जात बुडालेली होती.

तरीही समाजाने या नटाला पूर्ण सोडलं नाही. १९५५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा सन्मान, १९६४ मध्ये पद्मभूषण. पुण्यातल्या ज्या रंगमंदिराला त्यांचं नाव आहे, त्याचं भूमिपूजन खुद्द त्यांच्याच हातून झालं. १९६७ साली ते गेले. २०११ मध्ये त्यांच्यावर सिनेमा आला आणि तो चालला. ध्वनिमुद्रिका आहेत, फोटो आहेत, चरित्रं आहेत. म्हातारपणाचे हाल खरेच होते, पण त्या हालांचीही नोंद राहिली.

आता विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. जात नावातच आहे, आणि ती त्यांनी कधी लपवली नाही. १९५७ आणि १९९० असं दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान. ऐन तमाशात कळा सुरू झाल्या, तंबूमागे बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही गोष्ट आपण सगळे कौतुकाने सांगतो. मला त्या कौतुकाचीच चीड येते. बाळंतिणीला त्याच रात्री पुन्हा नाचावं लागतं, याला आपण कलेवरची निष्ठा म्हणतो. पोट म्हणत नाही. २००२ साली त्या गेल्या तेव्हा दवाखान्याचं बिल भागवायला लोकांच्या मदतीची वेळ आली. पुढे सरकारने त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला.

'नटसम्राट'मधला अप्पा बेलवलकर बघून प्रेक्षक रडतो. रडू द्या, नाटक मोठंच आहे. पण अप्पाची शोकांतिका सुरू होते ती इस्टेट मुलांत वाटून दिल्यावर. आमच्या तात्यांकडे वाटायला होतं काय? एक ढोलकी, आणि फडमालकाकडे राहिलेली उचल.

आता त्या पोराच्या मुद्द्याकडे येतो. पठ्ठे बापूरावांचा प्रसंग चळवळीत सगळ्यांना माहीत आहे. महाडच्या लढ्यासाठी त्यांनी तमाशाच्या उत्पन्नातून मदत देऊ केली आणि बाबासाहेबांनी ती नाकारली. आमच्या बायकांना नाचवून मिळालेला पैसा त्यांना नको होता. पवळाबाई महार आणि पठ्ठे बापूराव कुलकर्णी, हे विसरू नका. १६ जून १९३६ ला मुंबईच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी देवदासी, जोगतिणी, मुरळ्या यांना स्पष्ट शब्दांत सांगितलं की हे जिणं सोडा. आपल्या गडहिंग्लजातही १९७५ साली देवदासी निर्मूलनासाठी परिषद भरली. सीमाभागातल्या आपल्या माणसांना 'सोडा' या शब्दाचं मोल सांगायची गरज नाही. ज्यांच्या घरातून मुली सौंदत्तीला गेल्या, त्यांना ते माहीत आहे.

म्हणजे पोरगा बरोबर बोलला? अर्धवट बरोबर. बाबासाहेबांनी पैसा नाकारला, धंदा नाकारला, त्यातली लाचारी नाकारली. कलावंत नाकारला नाही. तसं असतं तर आंबेडकरी जलसा उभाच राहिला नसता. भीमराव कर्डकांसारख्यांनी तमाशाचाच साचा उचलला, त्यातली गवळण काढली, नाच्या काढला, आणि त्या जागी अस्पृश्यतेचा, शिक्षणाचा, सत्याग्रहाचा सवाल उभा केला. त्याआधी शाहू महाराजांच्या या कोल्हापूर भागात सत्यशोधक जलशांनी तेच केलं होतं. वग, बतावणी, सोंगाड्याची जीभ ही हत्यारं आपलीच होती. ती दुसऱ्याच्या करमणुकीसाठी चालत होती, एवढीच अडचण. तात्या बाबासाहेबांवरचा वग घेऊन आले होते, म्हणजे जलसाकारांनी केलं तेच करायला निघाले होते. आणि आपण त्यांना गुलामीची खूण म्हणालो! डॉल्बीवर सिनेमाच्या चालीवर बसवलेली गाणी वाजतात, ती मात्र आपल्याला मुक्तीची खूण वाटतात.

आता थोडं कागदाचं. राज्य सरकार वृद्ध कलावंतांना मानधन देतं. आता त्या योजनेला राजर्षी शाहू महाराजांचं नाव आहे आणि रक्कम महिना ५,००० रुपये आहे. तात्यांना ते मिळत नाही. का? कलावंत असल्याचा पुरावा नाही. कात्रणं आणा, प्रमाणपत्रं आणा, जाहिराती आणा. तमाशाच्या फडात नाव छापलं जायचं ते मालकाचं आणि नर्तिकेचं. सोंगाड्या लोकांच्या तोंडी असायचा, कागदावर नसायचा. ज्यांना शतकानुशतकं कागदापासून दूर ठेवलं, त्यांच्याकडे कागद मागायचा, आणि तोही शाहूंच्या नावाने.

२०२४ च्या ८ ऑगस्टच्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांनी बांधलेलं ते पॅलेस थिएटर. नाट्यगृह पुन्हा उभं राहावं म्हणून मागणी झाली, पैसे जाहीर झाले. व्हायलाच हवं होतं. पण गावोगावचे फड मोडले, तंबू विकले गेले, तेव्हा अशी हळहळ कुठे होती?

मी तात्यांच्या घरी जाऊन आलो. त्यांनी मला वगातली बतावणी म्हणून दाखवली. आवाज फाटलाय, दम पुरत नाही, मध्येच ओळ विसरतात. पण तलाठ्याचं सोंग आणलं तेव्हा शेजारची चार पोरं दारात गोळा झाली आणि पोट धरून हसली. सगळंच उत्तम होतं असं मी म्हणणार नाही, दोन विनोद बायकांवरचे होते. ते काढा असं सांगितलं. "काढतो की. आमच्या वेळंला कुणी सांगितलंच न्हाई," ते म्हणाले.

येत्या रविवारी मंडळाची पुन्हा बैठक आहे. पंधरा मिनिटांचा ठराव मी मांडणार आहे. कार्यक्रमपत्रिकेवर तात्यांचं पूर्ण नाव छापायचं, खाली 'वगसम्राट' वगैरे काही नको, नुसतं 'सोंगाड्या' लिहायचं. ती पत्रिका मानधनाच्या अर्जाला जोडायची. गडहिंग्लज, आजरा, चंदगड, भुदरगड या भागातल्या कुणाच्या घरी फडांच्या जुन्या जाहिराती, जत्रा कमिटीच्या पावत्या, सुपारीच्या चिठ्ठ्या असतील, तर त्यांचे फोटो काढून ठेवा. सोंगाडे, ढोलकीवाले, झिलकरी, ज्यांचं नाव सापडेल त्यांचं. तात्या एकटे नाहीत. त्यांच्याच फडातला तुणतुणेवाला अजून हयात आहे, त्याचाही अर्ज भरायचा राहिलाय.