किनाऱ्याची वाट चालती राहू द्या

हर्णैहून केळशीला जायचं म्हटलं की आता जो तो गाडी काढतो. आंजर्ल्याच्या खाडीवर पूल झाल्यापासून तरीची वाट बघावी लागत नाही. सोय झाली, यात शंका नाही. बाळंतीण, आजारी माणूस, कॉलेजची मुलं, आंब्याच्या पेट्या, सगळ्यांना रस्ता हवाच. रस्त्याविरुद्ध माझं काही म्हणणं नाही. मला लिहायचं आहे ते त्याआधीपासून इथे असलेल्या पायवाटेबद्दल. हर्णै बंदर, पाजपंढरी, आडखळ, आंजर्ले, मुर्डी, आडे, पाडले, उटंबर, केळशी. ही वाट कुठे पुळणीवरून जाते, कुठे सुरूच्या बनातून, कुठे जांभ्या दगडाची पाखाडी चढून सड्यावर निघते. ती कुणी बांधलेली नाही. माणसं चालत राहिली म्हणून ती राहिली, आणि आता चालणारे कमी झाले म्हणून तुकड्यातुकड्याने नाहीशी होते आहे.

समुद्र बघायला येणारी मंडळी बहुतेक डिसेंबरात येतात. दोन दिवस राहतात, सूर्यास्ताचे फोटो काढतात, सुरमई खातात आणि परत जातात. त्यात वाईट काही नाही. पण त्यामुळे किनारा म्हणजे डिसेंबरातली वाळू, असा एक समज पक्का झाला आहे. बाकीचे दहा-अकरा महिने इथे काय चालतं याची ना पाहुण्यांना कल्पना असते, ना किनाऱ्याबद्दल निर्णय घेणाऱ्यांना. वर्षभर त्याच वाटेने चाललं की मग कळतं की या वाटेचा प्रत्येक तुकडा कुणाच्या ना कुणाच्या कामाचा आहे.

पावसापासूनच सुरुवात करू. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. होड्या वर ओढून झापांनी नाहीतर निळ्या ताडपत्रीने शाकारलेल्या असतात आणि एरवी संध्याकाळच्या लिलावाने गजबजणारा हर्णैचा किनारा सुनासुना होतो. या दिवसांत भरतीच्या वेळी पुळणीवर चालायला जागा उरत नाही, म्हणून वाट आपोआप वर सड्यावर जाते. मे महिन्यात भाजून काळा पडलेला तो कातळ ऑगस्ट-सप्टेंबरात ओळखू येत नाही. गेंदाची पांढरी बोंडं, सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा थर, पिवळा कवला, गुलाबी तेरडा. बोटभर माती नसलेल्या दगडावर ही फुलं येतात आणि दीड-दोन महिन्यांत संपतात. सरकारी कागदावर या सड्याला पडीक जमीन म्हणतात. भाद्रपदात एकदा तिथून चालत गेलेला माणूस तो शब्द पुन्हा वापरणार नाही.

पाऊस ओसरला की वाट परत खाली येते. भातकापणी चाललेली असते आणि किनाऱ्यावर पाहुणे उतरू लागतात. लडाख-तिबेटकडच्या तलावांवर वाढलेले तपकिरी डोक्याचे कुरव थव्याने येतात. ओल्या वाळूवर चिखले आणि तुतारी पक्षी लाटेच्या पुढेमागे धावत असतात. वर्षभर इथेच राहणारा समुद्री गरुड उंच झाडावरून हे सगळं बघत बसलेला असतो. ओहोटी लागली की खडकांवरची कालवं काढायला आणि वाळूतल्या तिसऱ्या वेचायला बायका निघतात. त्यांच्यासाठी ही वाट म्हणजे रोजची भाजीभाकरी आहे.

थंडीत कासवांच्या माद्या येतात. ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री पुळणीवर चढते, खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू सारखी करते आणि निघून जाते. साधारण पन्नास दिवसांनी पिल्लं बाहेर येतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने 2002 साली वेळासला त्यांच्या संरक्षणाचं काम सुरू केलं. पुढे ते आंजर्ले, केळशी आणि इतर गावांत पसरलं. वाळूच्या वरच्या कडेला मर्यादवेल पसरलेली असते. पानं आपट्यासारखी, फुलं जांभळट. ही वेल सुटी वाळू धरून ठेवते. समुद्राने कुठपर्यंत यावं आणि माणसाने कुठे थांबावं, हे तिच्या नावातच आलं आहे.

मग फाल्गुन-चैत्रात सुरंगीचा वास, काजू, करवंदं. उन्हामुळे सकाळी नऊच्या आत चालणं उरकावं लागतं, आणि अशा वेळी ओहोटी कधी आहे हे आधी बघावं लागतं.

हा हिशोब कोकणात जुना आहे. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन वाजता पूर्ण भरती, म्हणजे नऊच्या सुमारास ओहोटी. आमच्या घरी तिथी नसते, चांद-तारीख असते. तिच्यात एक मिळवला की बहुधा तिथी मिळते. पौर्णिमेनंतर दोघांनीही पुन्हा एकपासून मोजायचं. म्हणून रमजान ईद नेहमी उधाणाच्या भरतीत येते आणि बकरी ईद भांगाच्या भरतीच्या आसपास. हिजरी वर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे ईद सगळे ऋतू फिरून येते. 2016 साली ती भर पावसात, जुलैत होती. 2025 साली 30 मार्चला गुढीपाडवा झाला आणि 31 मार्चला ईद. पंचांग दोन असली तरी चंद्र एकच आणि भरतीही एकच. पाजपंढरीचा कोळी आणि हर्णैचा दालदी मच्छीमार यांना हे कुणी शिकवावं लागत नाही.

शिकवावं लागतं ते आमच्या मुलांना. उर्दूत भरती-ओहोटीला मद्दोजज़र म्हणतात. मौलाना हालींच्या 1879 च्या प्रसिद्ध मुसद्दसच्या मूळ नावात हाच शब्द आहे. हाली पानिपतचे, समुद्रापासून शेकडो कोस दूर. आमच्या मुलांच्या तर दारात मद्दोजज़र आहे, पण त्यांना तो शब्दार्थाच्या यादीत पाठ करावा लागतो. मराठीच्या तासाला ‘पुळण’ म्हणजे काय हे किनाऱ्यावरच्या गावातली मुलं विचारतात. त्यांना ‘बीच’ माहीत असतो. मुलं चालेनाशी झाली की वाटेपाठोपाठ तिचे शब्दही जातात.

आता वाटेला नेमकं काय होतंय ते सांगतो. पहिली गोष्ट, गाड्या. सुट्टीच्या दिवशी चारचाकी थेट पुळणीवर घालतात आणि लाटांच्या कडेने पळवतात. वाळूवर बारीक गोळ्यांची नक्षी करणारे खेकडे त्याखाली जातात, वाळू दडपली जाते आणि चाकोरीत अडकलेलं कासवाचं पिल्लू पाण्यापर्यंत पोचत नाही. दुसरी गोष्ट, दिवे. अंड्यातून बाहेर पडलेलं पिल्लू उजेडाच्या दिशेने जातं. समुद्रावरचा उजेड ओळखून ते लाखो वर्षं पाण्याकडे जात आलं, पण किनाऱ्याकडे तोंड करून लावलेले झगझगीत दिवे त्याला उलट्या दिशेला नेतात. तिसरी गोष्ट, भिंती. पूर्वी आगराला गडगा असायचा आणि गडग्यातून बेडं काढून पलीकडे जाता यायचं. आता जमीन विकली जाते, चिऱ्याची उंच भिंत येते, लोखंडी फाटक येतं आणि कालवांना निघालेल्या बाईला वळसा घालून जायला सांगितलं जातं.

याला कायदा नाही असं नाही. किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना 1991 साली निघाली. किनाऱ्यावरच्या हॉटेलांसाठीच्या अटींत तेव्हापासून स्पष्ट लिहिलं आहे की कुंपणाने लोकांची किनाऱ्यावर जाण्याची वाट अडता कामा नये आणि दोन हॉटेलांमध्ये लोकांना जाण्यासाठी किमान 20 मीटर जागा मोकळी ठेवावी. वाळूच्या टेकड्या सपाट करायलाही मनाई आहे. तरतूद आहे, पण ती मागणारा गावात कुणी उरलेला नाही, कारण मागणारा हा त्या वाटेने चालणारा असावा लागतो.

रोजगाराचं काय, असा प्रश्न येतो. तो खरा आहे. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात याच पट्ट्यातल्या नारळी-पोफळी आडव्या झाल्या. एका दिवसात बागायतीचं उत्पन्न गेलं, आणि पोफळ पुन्हा लावून फळाला यायला वर्षं लागतात. अशा माणसाने पर्यटनाकडे बघितलं तर त्याला दोष कसा देणार? पण पर्यटन एकाच प्रकारचं नसतं. वेळासला लोक कासवं बघायला येतात, गावकऱ्यांच्या घरी राहतात, त्यांच्या हातचं जेवतात. पैसा थेट घरात येतो. वेल्समध्ये 2012 साली सगळ्या किनाऱ्याला धरून 870 मैलांची पायवाट लोकांसाठी खुली झाली. आपल्याकडे एवढं मोठं काही नको. हर्णै ते केळशी एवढ्या टप्प्यात ग्रामपंचायतींनी वाट आखावी, जुन्या पाखाड्यांचे निखळलेले चिरे बसवावेत, गाड्या पुळणीच्या आधी थांबतील असे दगड रोवावेत आणि कासवांच्या महिन्यांत किनाऱ्याकडचे दिवे मालवावेत. सड्यावरची फुलं बघायला येणारा माणूस ऑगस्टमध्ये येईल, म्हणजे रिकाम्या महिन्यातही चूल पेटेल. चालत येणारा गावात जास्त थांबतो. त्याला वाटेत चहा लागतो आणि रात्री मुक्काम लागतो.

ही वाट कुणा एकाची नाही, हे तिच्यावरून चालताना समजतं. आंजर्ल्याला ती कड्यावरच्या गणपतीपाशी चढते. केळशीला महालक्ष्मीचं देऊळ आहे आणि टेकडीवर याकूब बाबांचा दर्गा, ज्याला शिवाजी महाराजांनी इनाम दिल्याचं सांगितलं जातं. इथे पिढ्यान्पिढ्या माणसं दुसऱ्याच्या श्रद्धास्थानाच्या बाजूने, दुसऱ्याच्या बागेतून, बेडं पुन्हा लावून पुढे गेली आहेत. बेडं उघडंच टाकून जायचं नाही, हा इथला साधा शिष्टाचार. शेजाराची ही सवय वाटेबरोबर टिकून होती. उंच भिंतीआडून ती पुढच्या पिढीला कशी मिळणार?

आमच्याकडे लहानपणी शिकवतात की वाटेतली इजा करणारी वस्तू बाजूला करणं हाही ईमानाचा भाग आहे. आम्ही त्याचा अर्थ काटा, दगड, काच एवढाच घेत आलो. वाटच अडवणारी भिंत त्यात येत नाही का? निदान तिच्याबद्दल ग्रामसभेत उभं राहून विचारणं तरी येतं. शाळांनी वर्षातून चार वेळा, चार ऋतूंत, मुलांना याच वाटेने न्यावं, उर्दू आणि मराठी दोन्ही माध्यमांच्या मुलांना एकत्र. सहलीच्या बसपेक्षा खर्च कमी येईल. दिवस ठरवताना तेवढी तिथी बघा, नाहीतर चांद-तारीख, कारण ओहोटी त्याच हिशोबाने येणार आहे.