भाव भागधारकाचा, भरवसा विमेदाराचा!

परांडा तालुक्यातील सोनारी हे काळभैरवनाथाचे क्षेत्र. अशा गावातील शेतकरी आयुर्विम्याचा हप्ता भरतो, तो घरचा कर्ता माणूस अकाली गेल्यास चूल विझू नये म्हणून. मुंबईच्या दलाल स्ट्रीटची दृष्टी मात्र निराळी. दोन विमा कंपन्यांच्या विलीनीकरणाची नुसती वार्ता येताच तेथे भाव हलू लागतात. ज्याच्या हप्त्यांवर हा डोलारा उभा आहे, त्या विमेदाराचे काय?

जून 2016 मध्ये एचडीएफसी लाइफ व मॅक्स लाइफ यांच्या विलीनीकरणाची बोलणी जाहीर झाली आणि मॅक्स फायनान्शियलचा समभाग उसळला. स्पर्धा न करण्याच्या हमीपोटी मॅक्सच्या प्रवर्तकांना 850 कोटी रुपये देण्याचे पुढे ठरले. मालकाच्या स्वस्थ बसण्याचे मोल 850 कोटी. वर्षानुवर्षे हप्ते भरणाऱ्याच्या निष्ठेचे मोल किती? मॅक्स लाइफ आधी एका बिगरविमा कंपनीत विलीन करावयाची, अशी ही आडवाट होती. विमा कायद्याच्या 35 व्या कलमावर बोट ठेवून नियामकाने ती रोखली आणि जुलै 2017 अखेर बेत मोडला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एचडीएफसी लाइफ 290 रुपये दराने राजरोस बाजारात उतरलीच! मग आडवाटेचा अट्टहास कशासाठी होता?

सप्टेंबर 2021 मध्ये तिनेच एक्साइड लाइफ 6,687 कोटींना घेण्याचे जाहीर केले, तेव्हा घेणाऱ्याचाच भाव घसरला. किमतीपैकी 726 कोटी रोख आणि उरलेली रक्कम नव्या समभागांच्या रूपाने द्यावयाची होती. भागीदार वाढले की प्रत्येकाचा वाटा घटतो, हा साधा हिशेब. पण तो भागधारकाचा हिशेब आहे. दावा वेळेवर मिळेल की नाही, याचे उत्तर त्यात नाही.

विलीनीकरण मुळात वाईट नव्हे. 19 जानेवारी 1956 रोजी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली आणि 245 संस्था एकवटून आयुर्विमा महामंडळ उभे राहिले. त्यामागे खेड्यापर्यंत विमा पोहोचविण्याचा हेतू होता, कोणाचा भाव चढविण्याचा नव्हे. याच महामंडळाचा समभाग 17 मे 2022 रोजी 949 रुपयांच्या विक्रीदराखाली उघडला. म्हणून त्याच्या एकाही पॉलिसीची हमी रुपयानेही उणावली नाही. भाव आणि भरवसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता?

तेव्हा विलीनीकरणाची पुढची वार्ता येईल, त्या दिवशी सुज्ञ वाचकाने भावफलकाकडे पाहू नये. दावे किती दिवसांत निकाली निघतील, तालुक्याची शाखा राहील की उठेल, हे आधी विचारावे. विमा हा शब्द विश्वासावर उभा आहे. विश्वासाचा सौदा करण्याचा अधिकार कोणत्याही प्रवर्तकाला नाही.